विजेचा लोट व विहिरीवरील मोटार

मृगापूर्वीं वळिवाचे ढग जमूं लागले कीं बारामती व इंदापूर भागांतील बागाईतदाराचें मन दुहेरी होतें. पाऊस हवा असतो. पण गडगडाटाबरोबर मोटार जळण्याची धास्तीही असते. नीरा डाव्या कालव्याच्या जुन्या बागाइतांत विहिरीविहिरीवर मोटारी आहेत, आणि 1980 सालीं उजनी धरण पुरें झाल्यापासून इंदापुराच्या बाजूस भीमेच्या फुगवट्यांतून लांब लांब नळांनीं पाणी उचललें जातें. त्यामुळें ही धास्ती आतां घरोघरची झाली आहे.

वीज तारेवर किंवा तिच्या जवळपास पडली, तर तारेंत दाबाची एक लाट उठून दोन्ही दिशांस धांवते. ती सेकंदाच्या कांहीं दशलक्षांश भागांपुरतीच टिकते. पण तिचा दाब लक्षावधि व्होल्टांपर्यंत जाऊं शकतो. उपशाच्या नळाची झडप एकाएकीं मिटून नळ फुटलेला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हें सहज उमगेल. नळ नेहमींच्या दाबानें फुटत नाहीं, तर उलट फिरलेल्या धक्क्यानें फुटतो. मोटारीच्या वेटोळ्यांवरील वेष्टणाचें असेंच होतें. फ्यूज वितळण्यास वेळ लागतो. तोंवर लाट आपलें काम उरकते. एक फेज गेल्यास मोटार थांबविणारा प्रिव्हेंटरही येथें उपयोगी नाहीं.

यावर उपाय अरेस्टर. डीपीच्या खांबावर अकरा हजार व्होल्टांच्या तारांना जोडलेले तीन दांडे दिसतात, ते हेच. हल्लींच्या अरेस्टरांत जस्ताच्या ऑक्साइडच्या चकत्या असतात. नेहमींच्या दाबांत त्या वीज अडवितात. दाब मर्यादेबाहेर गेला कीं लोट जमिनींत सोडतात व पुनः मिटतात. हें धरणाच्या सांडव्याचेंच काम. पण सांडव्याखालचा ओढा बुजलेला असेल, तर सांडवा काय करील? अर्थिंगवांचून अरेस्टर तसाच.

आमचाच अनुभव सांगतों. आम्ही महसूल खात्यांत तीस वर्षें दुसऱ्यांच्या जमिनीचे उतारे तपासले. पण आमच्या स्टार्टरपाशीं बसविलेल्या लहान अरेस्टरची अर्थिंगची तार नांगरटींत तुटली, ती दोन उन्हाळे पाहिली नाहीं. एका वळिवांत स्टार्टर व मोटार दोन्ही जळालीं. मोटार भरून येईतों बारा दिवस गेले, आणि ऐन मे महिन्यांत उसाचा खोडवा डोळ्यांदेखत वाळला.

तरी शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी कराव्या. काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडून अर्थिंगची नळी मातीपासून सुटते. म्हणून चैत्रापासून तिच्या तोंडीं पाणी ओतावें. आपल्या अर्थिंगचा जोड दरसाल पावसाळ्यापूर्वीं जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावा. डीपीच्या खांबावरील तार तुटलेली दिसल्यास हात न लावतां वीज कचेरींत कळवावें. ढग दाटतांच, गडगडाट सुरू होण्यापूर्वीं, मेन स्विच खालीं पाडावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ या मोबाइलवरील ॲपनें जवळपास वीज पडण्याचा इशारा मिळतो, त्याचाही उपयोग करावा.

वीज थेट अंगावर आली तर कोणताही उपाय पुरा पडेलच असें नाहीं. म्हणून विजा चमकूं लागल्यावर स्विच पाडण्यासाठींही विहिरीकडे धांवूं नये. मोटार पुनः भरतां येते. तिच्यासाठीं जीव धोक्यांत घालूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.