डहाणूचा अर्ज, जावाचा क्लायंट

डहाणू-तलासरीच्या सेवा केंद्रात दाखल्याचा अर्ज भरला की त्यातली माहिती एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते. ती मागणारा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, जावात लिहिलेला असेल तर एचटीटीपीएस जोडणीत एवढे पाहावेच :

■ ओळख : समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र जावा सहसा विश्वासार्ह प्रमाणपत्रसंस्थांच्या स्वतःच्या ‘सीएसर्ट्‌स’ यादीशी ताडते. म्हणून ब्राउझरमध्ये उघडणारी साइटही प्रोग्रामला ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ या त्रुटीवर अडवू शकते.

■ उपाय : प्रमाणपत्रांच्या साखळीतले मधले प्रमाणपत्र सर्व्हरनेच पाठवायला हवे. मूळ प्रमाणपत्र खासगी असेल तर त्याची खातरजमा करून जावाच्या ‘कीटूल’ या साधनाने ते वेगळ्या ट्रस्टस्टोअरमध्ये घालावे.

■ दोन फाइली : ट्रस्टस्टोअरमध्ये इतरांची ओळख, कीस्टोअरमध्ये आपली खासगी चावी. ‘चेंजइट’ हा जगजाहीर मूळ पासवर्ड तसाच ठेवू नये.

■ आवृत्ती : एचटीटीपीएसमागचा सुरक्षा प्रोटोकॉल टीएलएस १.२ किंवा १.३ वापरावा. १.० आणि १.१ एप्रिल २०२१च्या जावा अपडेटपासून मूळ सेटिंगमध्येच बंद आहेत.

■ हे कधीच नको : कोणतेही प्रमाणपत्र मान्य करणारा कोड. चाचणीपुरता म्हणून लिहिलेला हा तुकडा तसाच राहिला, तर गरीब अर्जदाराचा आधार क्रमांक आणि बँक खाते वाटेत कुणीही वाचू शकतो.

■ धडा : जुलै २०१४मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. विश्वासयादी नियमित अद्ययावत ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक.