पित्ताशयातील खडे म्हणजे मुतखडा नव्हे

पोटात खडा असल्याचे कळले की आपल्याकडे घरोघरी हुलग्याचे कढण सुरू होते आणि भरपूर पाणी पिण्याचा सल्ला मिळतो. मुतखडा लहान असेल तर तो लघवीवाटे पडून जाऊ शकतो. पित्ताशयातील खड्याला मात्र लघवीची वाटच नाही, त्यामुळे तेथे या उपायाचा उपयोग होत नाही.

यकृतात तयार होणारे पित्त साठविणारी, उजव्या बरगडीखालील लहानशी पिशवी म्हणजे पित्ताशय. जेवणानंतर ती आकसून पित्त आतड्यात सोडते व तेला-तुपाचे पचन होते. पित्तात कोलेस्टेरॉल वाढले किंवा पिशवी नीट रिकामी झाली नाही की खडे बनतात. स्त्रिया, चाळिशीपुढील व लठ्ठ व्यक्ती आणि मधुमेही यांच्यात हे प्रमाण अधिक. कडक उपवासाने झपाट्याने वजन उतरविणाऱ्यांनाही धोका असतो.

बऱ्याच जणांना खड्याचा काहीच त्रास होत नाही. अशांना सहसा शस्त्रक्रियेची गरज नसते. खडा नळीत अडकला की मात्र पोटात वर उजवीकडे जोराची कळ येते, ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते आणि उलट्या होतात. बहुधा जड जेवणानंतर असे घडते. 'पित्त झाले' म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या घेत बसल्याने खडा जात नाही. मुतखड्याची कळ कंबरेतून जांघेकडे उतरते, हा फरक ध्यानात ठेवावा.

निदान सोनोग्राफीने होते. वारंवार त्रास होत असल्यास खड्यांसह पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय. खडे विरघळविण्याची औषधे थोड्याच रुग्णांना लागू पडतात व खडे पुन्हा होऊ शकतात. आता ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने होते. भारतात तिची सुरुवात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. पित्त यकृतातच तयार होत असल्याने पिशवी काढल्यावरही पचन चालू राहते.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे किंवा न थांबणारी कळ ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी नळदुर्ग परिसरातील रुग्णांनी काविळीच्या झाडपाल्यात दिवस न घालवता त्वरित डॉक्टरांना दाखवावे व गरज पडल्यास सोलापूर गाठावे. तेथे शासकीय रुग्णालयाची सोय आहे. नळीत अडकलेल्या खड्याने जंतुसंसर्ग झाल्यास उशीर जिवावर बेततो.