सिमन्स, जॉर्ज : युद्धपत्रे

वॉटर्लूच्या लढाईत (१८ जून १८१५) जबर जखमी झालेला ब्रिटिश लेफ्टनंट जॉर्ज सिमन्स याने आपल्या घरी लिहिलेली पत्रे. नेपोलियनकालीन युद्धांत कनिष्ठ अधिकाऱ्याच्या वाट्यास आलेल्या जीवनाचे अस्सल साधन म्हणून ती महत्त्वाची मानली जातात.

सिमन्स प्रारंभी मिलिशिया या स्थानिक सेनेत साहाय्यक शल्यचिकित्सक होता. आईवडिलांना आर्थिक साहाय्य करता यावे व धाकट्या भावांचे शिक्षण व्हावे, या हेतूने १८०९ मध्ये तो ९५ व्या रायफल पलटणीत दाखल झाला. स्पेन-पोर्तुगालमधील द्वीपकल्पीय युद्धात (१८०८–१४) को नदीकाठच्या चकमकीत (१८१०) त्याच्या मांडीस व फ्रान्समधील तार्ब येथे (१८१४) गुडघ्यास गोळी लागली. या काळातील पत्रांत लढायांच्या वर्णनाबरोबरच घरी पाठवावयाचे पैसे व भावांचे भवितव्य यांविषयीची चिंता दिसते.

वॉटर्लू येथे ला ए सँत या शेतवाडीच्या परिसरात लढत असता एक गोळी त्याच्या बरगड्या मोडून व यकृतास इजा करून छातीत रुतली. पलटणीच्या साहाय्यक शल्यचिकित्सकाने ती कापून काढली. त्यानंतर घोड्यावर बसवून त्यास सु. २० किमी. अंतरावरील ब्रूसेल्सला नेण्यात आले. तेथे एका कुटुंबाने त्याची शुश्रूषा केली. दाह शमविण्यासाठी शीर तोडून वारंवार रक्त काढणे व जळवा लावणे, हे तत्कालीन उपचार त्याच्यावर झाले. अशा उपचारांनी रुग्णाची शक्ती अधिकच क्षीण होई, हे पुढे वैद्यकाने मान्य केले. स्वतः वैद्यकाचा जाणकार असल्याने सिमन्सने आपली जखम व तीवरील उपचार यांचे वर्णन बारकाईने केले आहे.

या लढाईत दोन्ही पक्षांचे मिळून ४०,००० हून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. ब्रिटिश सरकारी राजपत्रात अधिकाऱ्यांची नावे छापली जात, सामान्य शिपायांची नव्हे. मात्र केवळ ‘जखमी’ या शेऱ्यावरून आप्तांना जखमेच्या गांभीर्याची कल्पना येत नसे. सिमन्सच्या घरी तर मुलाच्या प्राणाबरोबरच कुटुंबाचा आधारही पणास लागला होता. त्यामुळे त्याच्या हातचे पत्र हे तो जिवंत असल्याचे आश्वासन ठरे.

सिमन्सची दैनंदिनी व पत्रे विलोबी व्हर्नर याने संपादित करून १८९९ मध्ये प्रसिद्ध केली. एका पलटणीच्या आघाडीपुरतीच त्यांची दृष्टी मर्यादित आहे. तथापि सेनापतींच्या अहवालांत न आढळणारी युद्धाची कौटुंबिक बाजू त्यांतून स्पष्ट होते.