पावसाचे आकडे : कोलाहल आणि अर्थ

वसई तालुक्यातील चिंचोटी हे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत, तुंगारेश्वरच्या डोंगरांच्या पायथ्याशी वसले आहे. डोंगरावरचा पाऊस येथे धबधब्यावरून वेगाने खाली उतरतो. जुलै २०१८ मध्ये पाणी अचानक वाढून अनेक पर्यटक धबधब्याजवळ अडकले व एकास प्राणास मुकावे लागले. अशा गावाला ‘कोकणात मुसळधार पाऊस’ एवढ्या सूचनेने भागत नाही. आपल्या परिसरात काय होणार, हे कळावे लागते.

हे सांगणे सोपे नाही. २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरात कुलाब्यास मात्र सुमारे ७३ मिलिमीटर. उलट जागतिक हवामानाची संगणकीय प्रतिमाने मोठ्या चौकटींचा विचार करतात. प्रत्येक चौकटीसाठी वायुदाब, तापमान, आर्द्रता आणि निरनिराळ्या उंचींवरील वारे असे असंख्य आकडे मिळतात. रकाने पुष्कळ आणि नोंदींची वर्षे थोडी असली, की कोणता ना कोणता रकाना केवळ योगायोगाने पावसाशी जुळतो. हाच आकड्यांतील कोलाहल होय. त्यावर विसंबलेला अंदाज पुढे टिकत नाही.

मुंबईच्या आयआयटीतील स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक सुबिमल घोष यांचे संशोधन या प्रश्नाशी निगडित आहे. प्रदीप मुजुमदार यांच्यासमवेत २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी महानदीच्या पावसाळी प्रवाहाचा विचार केला. त्यातील पहिली पायरी शिक्षकांना सहज उमगेल. वर्गातील मुलांची उंची, हाताची व पावलाची लांबी बहुधा एकत्रच वाढते. म्हणून तीन आकड्यांचे काम ‘शरीराची ठेवण’ या एका घटकाने बरेचसे भागते. त्याचप्रमाणे हवामानाचे अनेक आकडे मोजक्या प्रमुख घटकांत एकवटले जातात. मग सारख्या स्थितींचे गट पाडून प्रत्यक्ष नोंदींशी त्यांचे नाते शोधले जाते. नाते बसविताना न वापरलेल्या वर्षांवर ते पारखणे, ही अशा अंदाजांची खरी कसोटी होय. प्रा. घोष यांना २०१९ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला.

मात्र मुळातील नोंदच सदोष असेल, तर कोणतेही गणित तिला तारू शकत नाही. पाऊस न पडणे आणि पाऊस न मोजला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोजणी राहून गेलेल्या दिवशी रकान्यात शून्य न लिहिता तो रिकामा ठेवणे, हा गावपातळीवरील या विज्ञानाचा पहिला धडा आहे.