तळं गोठलं का?

डिसेंबर सुरू झाला की रविवारच्या फोनवर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तब्येत नाही, ऑफिस नाही. "काय रे, तळं गोठलं का?"

बाबा बडोद्यात आणि मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात. इथे सकाळचे आठ वाजलेले असतात, तिकडे संध्याकाळचे साडेसात. मी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभा असतो आणि ते टीव्हीचा आवाज कमी करून बोलत असतात. तळं म्हणजे मेंडोटा. जवळजवळ चाळीस चौरस किलोमीटर पसरलेलं, सर्वात खोल ठिकाणी पंचवीस मीटर. बडोद्यात मोठा झालेल्या माणसाच्या डोक्यात तळं म्हणजे सुरसागर, एका नजरेत मावणारं. मेंडोटा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्याला समुद्र म्हणालो होतो. तो पूर्ण गोठतो आणि त्यावर लोक चालतात, हे सांगितल्यावर बाबांनी दोनदा विचारलं, "पूर्ण? मध्यभागीसुद्धा?" तेव्हापासून हा प्रश्न सुरू आहे.

पहिल्या हिवाळ्यात मी चुकीचं उत्तर दिलं. डिसेंबरमध्ये एका सकाळी किनाऱ्याला पांढरी साय धरलेली दिसली. मी फोटो पाठवला, "गोठलं!" बाबांनी तो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ऑफिसमध्ये सांगितलं तर शेजारी बसणारा, इथेच जन्मलेला सहकारी हसला. "ते गोठणं नाही, ती नुसती सुरुवात," म्हणाला.

मग कळलं की इथे गोठण्याची व्याख्या ठरलेली आहे. तळ्यात घुसलेली एक लांब, चिंचोळी जमीन आहे, पिकनिक पॉइंट नावाची. तिथून समोरच्या मेपल ब्लफपर्यंत होडी वल्हवत नेता येते का? येत असेल तर तळं मोकळं, नसेल तर गोठलं. बस. ना उपग्रह, ना सेन्सर. जुन्या काळातल्या बिअरच्या खोक्यावरून हा नियम आला असं सांगतात. आज राज्याच्या हवामान कार्यालयाच्या नोंदी याच कसोटीवर होतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले "काम पूर्ण झालं" म्हणजे नेमकं काय यावर तासन्‌तास मीटिंगा करतो. इथे जुन्या लोकांनी ते एका होडीत मिटवलं.

त्या दिवशी मला ग्रुपवर चूक कबूल करावी लागली. काकांनी लिहिलं, "इंजिनिअर असून?"

त्यानंतर मी वही ठेवायला लागलो. साधी, रेघांची. थंडीत दर शनिवारी पिकनिक पॉइंटच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि काय दिसलं ते लिहायचं: किती पाणी, किती बर्फ, वारा कसा, तापमान किती. दोन वर्षांनी मी ते सगळं स्प्रेडशीटमध्ये भरलं, पण वही सोडली नाही. उणे पंधरामध्ये फोन बंद पडतो. पेन्सिल चालते.

लिहायला लागल्यावर काही गोष्टी आपोआप समजत गेल्या. शहराच्या दक्षिणेला विंग्रा नावाचं छोटं, उथळ तळं आहे. ते मेंडोटाच्या कितीतरी आधी गोठतं. मग मोनोना, आणि सगळ्यात शेवटी मेंडोटा. कारण शाळेत शिकलो होतो, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पाणी चार अंशांना सर्वात जड असतं. थंडी पडली की वरचं पाणी गार होऊन खाली जातं आणि खालचं वर येतं. सगळं तळं चार अंशांपर्यंत उतरलं की मग वरचा थर आणखी गार होऊनही वरच राहतो, आणि तो गोठतो. खोल तळ्याला हे व्हायला जास्त दिवस लागतात. त्यात वारा असेल तर धरलेली साय रात्रीतून मोडून टाकतो. म्हणून नुसती थंडी पुरत नाही, एक शांत रात्र लागते. अशा रात्रीनंतरच्या सकाळी तळं काळ्या काचेसारखं दिसतं.

आणि आवाज! याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. तापमान झपाट्याने बदललं की बर्फ ताणतो, तडकतो, आणि तो आवाज तळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जातो. कधी दूरवर तोफ डागल्यासारखा, कधी जाड तार तुटल्यासारखा. एकदा फोन स्पीकरवर ठेवून बाबांना ऐकवला. आई मागून म्हणाली, "अरे, तिथून आधी बाजूला हो."

आईचं बरोबर होतं. दुसऱ्या हिवाळ्यात मी शहाणपणा करून एका खाडीत उतरलो होतो. चालायला निदान चार इंच जाडीचा पक्का बर्फ हवा, असं इथे सांगतात. मी मोजला नव्हता. समोर कोणी मासे धरत बसलं होतं, म्हणजे चालत असेल, असा हिशोब. किनाऱ्यालगत वेताच्या झुडपांजवळ बर्फ नेहमी कच्चा असतो, हे मला माहीत नव्हतं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाणी तिथे जेमतेम दोन फूट होतं, म्हणून हा लेख लिहितोय. घरी येईपर्यंत पँट पत्र्यासारखी कडक झाली होती. घरी सांगितलं नाही. आई-बाबांना हे इथे वाचूनच कळेल.

मेंडोटाच्या नोंदी १८५० च्या दशकापासूनच्या आहेत. कधी गोठलं, कधी सुटलं, किती दिवस बर्फ राहिला. सर्वात लांब हिवाळा १८८०-८१ चा, १६१ दिवस. सर्वात छोटा २००१-०२ चा, २१ दिवस. सुरुवातीच्या दशकांत बर्फ साधारण चार महिने असायचा. आता सरासरी जवळजवळ महिनाभराने कमी झाली आहे. या नोंदी ठेवणारे सगळे शास्त्रज्ञ नव्हते. थंडीत होडी बाहेर काढावी लागणारी, बर्फावरून वाट काढणारी माणसं होती. तारीख लिहून ठेवणं हा त्यांच्या कामाचा किंवा गमतीचा भाग होता.

या शहरातल्या विद्यापीठातले तळ्यांचे अभ्यासक जॉन मॅग्नसन यांनी सहकाऱ्यांबरोबर उत्तर गोलार्धातल्या अशा तळ्यांच्या आणि नद्यांच्या नोंदी एकत्र केल्या. १८४६ ते १९९५ ची दीडशे वर्षं. २००० साली 'सायन्स'मध्ये तो अभ्यास आला. गोठण्याची तारीख शंभर वर्षांमागे सरासरी ५.८ दिवस पुढे गेली होती आणि बर्फ सुटण्याची तारीख ६.५ दिवस अलीकडे आली होती. आकडे लहान वाटतात. पण थर्मामीटर नसलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या वह्या एकच गोष्ट सांगत होत्या, हे मला जास्त मोठं वाटलं.

जपानमध्ये सुवा नावाच्या तळ्याची नोंद तर १४४३ पासूनची आहे. बर्फ दाबाने फुटून त्याची एक लांब कड वर येते. देव तळं ओलांडून देवीला भेटायला गेला, त्याची ती वाट, अशी तिथली श्रद्धा. ती दिसली की देवळातले पुजारी लिहून ठेवतात, आणि नाही दिसली तर तेही लिहितात. २०१८ नंतर पुढची कित्येक वर्षं त्यांना "नाही" असंच लिहावं लागलं. मला त्या पुजाऱ्यांचं कौतुक वाटतं. काही घडलंच नाही, त्या वर्षीही थंडीत पहाटे उठून तळ्यावर जायचं, हे सोपं नाही.

माझ्या वहीत बहुतेक वर्षी मेंडोटा जानेवारीतच गोठलेला आहे. जुने लोक नाताळच्या आधीच्या बर्फाच्या गोष्टी सांगतात. २०२३-२४ चा हिवाळा तर विचारू नका, विस्कॉन्सिनमध्ये नोंदवलेला सर्वात उबदार. डिसेंबरभर मी शनिवारी जाऊन "पाणी" एवढंच लिहून परत येत होतो. बाबांचा प्रश्न पाच रविवार आला आणि पाच वेळा नाही म्हणालो. मग जानेवारीच्या मध्यावर एकदम कडाक्याची थंडी आली. तळ्यावरून वाफा निघायला लागल्या, जणू कोणी खाली चूल पेटवली आहे. १५ जानेवारीला सकाळी वाफा थांबलेल्या होत्या. बडोद्यात वासी उत्तरायण, बाबा गच्चीवर होते. व्हिडिओ कॉलमध्ये मागे "काप्यो छे" चाललेलं, आणि इकडे पापण्यांवर बर्फ धरलेला मी. "गोठलं," म्हणालो. बाबांनी गच्चीवर जाहीर केलं. कोणाला काही कळलं नसावं.

२८ फेब्रुवारीला ते सुटलं. चव्वेचाळीस दिवस. आमची लेक त्या वर्षी पहिल्यांदा स्केट्स घालून उभी राहायला शिकत होती. तिच्या वाट्याला तीन शनिवार आले. बर्फ गेल्यावर ती विचारत होती, परत कधी? पुढच्या वर्षी, म्हणालो. खात्रीने म्हणालो असं वाटत नाही.

आता बडोद्याकडे वळतो, कारण ही वही ठेवायची सवय माझी नाही. ती बाबांची.

बाबा वर्षानुवर्षं कालनिर्णयच्या चौकटींत लिहायचे. दुधाचा खाडा, गॅसचा सिलिंडर कधी लावला, आणि त्यातच पहिला पाऊस, पहिला आंबा, पावसाळ्यात आजव्याची पातळी. बडोद्याच्या कुठल्याही घरात ऑगस्टमध्ये हाच विषय असतो: आजवा २११ फुटांवर गेलं का, पाणी सोडणार का, विश्वामित्री किती चढली. वर्ष संपलं की ते कॅलेंडर गुंडाळून, सुतळीने बांधून कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात जायचं. १९९२ पासूनची सगळी. मी लहानपणी यावर हसायचो. मोठेपणीही. २०२२ मध्ये घरी गेलो तेव्हा गंमत म्हणून त्यातल्या सहा वर्षांचे फोटो काढले. बायकोला दाखवायला, की बघ, माझ्यात हे कुठून आलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर गेली. आमची सोसायटी सखल भागात. घरात तीन फूट पाणी आलं. आई-बाबा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे दोन रात्री राहिले, वीज नव्हती, फोन लागत नव्हता. मी इथे बसून बातम्यांत ओळखीचे रस्ते शोधत होतो. तिसऱ्या दिवशी आईचा आवाज ऐकला तेव्हा कॅलेंडरं माझ्या डोक्यातही नव्हती.

चार-पाच दिवसांनी बाबांनीच सांगितलं. सर्वात खालचा खण. त्यांनी ती गच्चीवर वाळत घातली होती, पण पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता आणि जी सुटली त्यांवर निळे डाग होते. "शाईच्या पेनाने लिहायला नको होतं," एवढंच म्हणाले. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, स्कूटर गेली, त्याबद्दल ते आईपेक्षा कमी बोलले. कॅलेंडरांबद्दल तर पुन्हा बोललेच नाहीत.

माझ्याजवळचे सहा वर्षांचे फोटो मी त्या आठवड्यात स्प्रेडशीटमध्ये भरले. पहिल्या पावसाच्या सहा तारखा. सहा तारखांवरून काहीही सांगता येत नाही. आमच्या लहानपणी पाऊस वेळेवर यायचा, असं आम्ही सगळे भाऊ-बहिणी छातीठोकपणे सांगतो. यायचा का? ते लिहिलेलं होतं, आणि मी हसत होतो. मेंडोटाच्या तारखा टिकल्या, कारण त्या एका खणात नव्हत्या. बाबांच्या तारखांची एकच प्रत होती, आणि तिची दुसरी प्रत करू शकणारा, पोटापाण्यासाठी दिवसभर बॅकअपच लिहिणारा मुलगा त्या घरात होता.

२०२५ च्या जानेवारीत बाबांनी नवं कॅलेंडर वरच्या खिळ्याला लावलं आणि पेन्सिलने लिहायला लागले. महिना संपला की पानाचा फोटो मला पाठवतात. न सांगता पाठवतात, आणि मी न सांगता जपून ठेवतो. पहिल्याच पानावर गॅसच्या सिलिंडरच्या वर एका चौकटीत बारीक अक्षरांत काही लिहिलं होतं. मोठं करून पाहिलं. "मेंडोटा गो."

मी फोन केला. म्हटलं, बाबा, हे तुम्ही कशाला लिहिताय, माझ्या वहीत आहे की.

"असू दे इथेही," म्हणाले. मग आईने विचारलं, पोरीचा खोकला थांबला का.