सर्दीची भीती, विजेचा विसर

मे महिन्यातली दुपार. चारच्या सुमाराला ढग दाटून येतात, वारा अंगणातली वाळवणं उधळतो आणि टपोरे थेंब पडू लागतात. आजोळी आलेली पोरं अंगणात धावतात, तोच ओसरीवरून हाक येते, ‘आत या रे, भिजलात तर सर्दी होईल!’ पाव तासात पाऊस ओसरतो, ढग मात्र अजून गुरगुरत असतात. आता तीच मोठी माणसं सांगतात, ‘गेला पाऊस, जा विहिरीवर पोहायला.’ दरवर्षी ही दोन वाक्यं ऐकतो आणि दरवर्षी जीव वरखाली होतो. पहिलं चुकीचं आहे, दुसरं जिवावर बेतणारं.

सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते माणसाकडून माणसाकडे येतात. ढगातून पडत नाहीत. यावर ‘आमच्या बंड्याला भिजल्यावरच होते’ हे उत्तर ठरलेलं असतं. पण विषाणू नाकात शिरल्यापासून त्रास सुरू व्हायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. दुपारी भिजलेला बंड्या संध्याकाळी फणफणला, तर विषाणू त्याला आधीच भेटलेला होता; लग्नसराईत तो कुठल्या मांडवात भेटला असेल, हे सांगता येत नाही. भिजल्याबरोबर नाकातून पाणी येतं ती गार हवेवरची नाकाची प्रतिक्रिया. अंग पुसून कोरडे कपडे घातले की ती थांबते.

थंडीने सर्दी होते का, हे तपासूनही झालं आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या तुरुंगात स्वयंसेवक कैद्यांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले आणि त्यांतल्या काहींना थंडीत ठेवलं. त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. हा निष्कर्ष 1968 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. याच्या उलट जाणारा प्रयोगही सांगायला हवा. 2005 साली वेल्समधल्या कार्डिफ इथल्या संशोधकांनी 90 जणांना 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 20 मिनिटं पाय बुडवून बसवलं. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांतल्या 13 जणांनी सर्दीची तक्रार केली. पाय कोरडे ठेवलेल्या 90 जणांत असे 5 निघाले. नाकात आधीच दबा धरून असलेला विषाणू थंडीमुळे डोकं वर काढत असावा, असा त्यांचा अंदाज. पण त्या लोकांच्या नाकात विषाणू आहे का, हे त्यांनी तपासलं नव्हतं, आणि मे महिन्यातलं आपल्या विहिरीचं पाणी 10 अंशांपेक्षा कितीतरी ऊबदार असतं. पोरगं कुडकुडायला लागलं की बाहेर काढावं, एवढंच पुरे. तोवर खेळू द्या. हवं तर तुम्हीही भिजा.

एक अट मात्र कडक पाळायची: आकाशात गडगडाट नको. वळवाचा पाऊस म्हणजे दिवसभर तापलेल्या जमिनीवर उभे राहिलेले उंच ढग, आणि त्यांच्यासोबत विजा आल्याच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 साली वीज पडून देशात 2,887 माणसं मेली. पाऊस थांबला म्हणजे वीज गेली, असं नसतं. पाऊस पडतोय तिथपासून दहा-दहा किलोमीटर लांबही ती कोसळते. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं आणि मगच पाण्यात उतरायचं. विहीर, शेततळं, नदी, पोहण्याचा तलाव, सगळीकडे हाच नियम. वीज पाण्यावर पडली की प्रवाह पृष्ठभागावरून पसरतो, आणि पोहणाऱ्याचं डोकं नेमकं तिथेच असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप विजेचा इशारा देतं. ते फोनमध्ये असावं.

आंब्याखाली, चिंचेखाली आसरा घेऊ नका. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी घेते, मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पोचते. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली मोटार गाठा. रबरी चप्पल वाचवत नाही. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसावर वीज पडते हा निव्वळ भ्रम आहे आणि त्यापायी कुणाला हिणवणं वाईट. मोबाइल वीज ओढून घेत नाही. आता पावसाच्या पाण्याबद्दल. पहिल्या पावसात घामोळं बरं वाटतं ते अंग गार झाल्यामुळे. बादलीभर गार पाण्यानेही तेच होतं. वरून पडणारं पाणी अंगावर घ्यायला हरकत नाही, पण साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुताबरोबर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. पायाला जखम असेल तर त्यात उतरू नका. आणि शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही. दोर बांधल्याशिवाय तिथे कुणालाच सोडू नका.

राहिला विजेबद्दलचा सर्वांत घातक समज: वीज पडलेल्या माणसाला शिवू नये, त्याच्या अंगात वीज असते. अंगात काहीही उरलेलं नसतं. हृदय थांबलेलं असू शकतं. ताबडतोब त्याला सुरक्षित जागी न्या, एकाने 108 ला फोन लावा आणि श्वास चालत नसेल तर दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबायला लागा. मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत.