रांगेतली जागा

ढोल कमरेला बांधला की दोन्ही हात गुंततात. एका हातात टिपरू, दुसरा थापेवर. मग अंध वादकाने पांढरी काठी धरायची कशी? शिवाय पोटापुढे ढोलाचा घेर एवढा असतो की हात मोकळा असता तरी काठी जमिनीवर नीट फिरली नसती. ढोलताशा पथकात अंध मुलाला घ्यायचं म्हटलं की पहिली अडचण ही निघते आणि बहुतेक ठिकाणी विषय तिथेच मिटतो. ‘स्थिरवादनाला घेऊ, मिरवणुकीत नको’ असं ठरतं. मुलगा एका जागी उभा राहून वाजवतो, टाळ्या मिळतात, आणि पथक पुढे निघतं तेव्हा तो टेम्पोशेजारी उभा असतो.

मुंबईत गिरगावच्या फणसवाडीजवळच्या एका शाळेच्या पटांगणात सराव करणाऱ्या एका लहानशा पथकाने विषय तिथे मिटू दिला नाही. पथकातल्या मंडळींना नावं छापून यायला नको होती, म्हणून इथे कुणाचंच नाव नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेआधीचा त्यांचा सराव मी जवळून पाहिला. त्या पथकात एक जन्मांध तरुण ताशा वाजवतो, बँकेत नोकरीला आहे. एक कर्णबधिर मुलगी ढोलावर आहे. आणि व्हीलचेअरवरचे एक काका झांज वाजवतात. त्यांना सगळे काकाच म्हणतात.

पाडव्याचा सराव नेमका दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत येतो. आजूबाजूला चाळी, प्रत्येक खोलीत कुणीतरी अभ्यासाला बसलेलं. त्यामुळे सुरुवातीला ढोल बाहेर निघतच नाहीत. वर्गातल्या बाकांवर टिपरू चालवून हात, म्हणजे वादनाच्या ठरलेल्या चाली, बसवतात, मग रविवारी दुपारी ढोल. रात्री दहाच्या आत सगळं बंद. बाकांवरच्या या सरावाचा फायदा बँकेतल्या दादाला सगळ्यांत जास्त झाला. लाकडावर प्रत्येकाचा ठोका वेगळा ऐकू येतो. कोणाचा दुसरा हात कच्चा आहे आणि कोण तिहाईला घाई करतो, हे तो पहिल्या आठवड्यातच सांगायला लागला. ताशाप्रमुख त्याला विचारून रांगा लावायचे.

ताशा अंध वादकाला मानवतो, याला कारण आहे. पन्नास ढोल एकदम घुमत असताना शिट्टी ऐकू येत नाही, माणसाचा आवाज तर नाहीच. पण ताशाची तर्री बारीक आणि तीक्ष्ण असते, ती ढोलांच्या गदारोळातूनही वर निघते. बहुतेक पथकांत हात बदलायची खूण डोळ्यांसाठी असते. प्रमुख वर हात करून बोटं दाखवतात, दोन बोटं म्हणजे दुसरा हात, मूठ म्हणजे थांबा. या पथकाने प्रत्येक खुणेला ताशाचा एक छोटा बोल जोडला. बोटं वर जातात त्याच वेळी प्रमुखांशेजारचा ताशा ठरलेली तिहाई वाजवतो. एक हात संपून दुसरा कोणता लागणार, हे तिहाईवरून कळतं. मागच्या रांगांतली उंचीने लहान मुलंसुद्धा आता तिहाईवरच विसंबतात, कारण त्यांना पुढच्यांच्या फेट्यांतून प्रमुखांची बोटं कधीच दिसत नव्हती.

वाजवणं सुटलं, पण चालणं राहिलं होतं. त्याची तयारी फणसवाडीच्या गल्ल्यांतच झाली. व्यंकटेश मंदिराकडची ही वस्ती दाट. हातगाड्या, दुकानांपुढचे ओटे, गटारांची झाकणं, दुचाक्यांची रांग. मिरवणुकीचा मोठा रस्ता म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मार्ग. मेट्रो तीनच्या स्थानकासाठी तो वर्षानुवर्षे उकरलेला होता, आणि खालून गाडी धावू लागल्यावरही वरचा डांबराचा थर सगळीकडे एकसारखा नाही. दादाच्या मागे एक सोबती चालतो. त्याचा डावा हात दादाच्या कमरपट्ट्यावर. पट्टा मागे ओढला की थांब, डाव्या बाजूला ओढला की डावीकडे. खांद्यावर एक थाप म्हणजे पुढे उंचवटा, दोन थापा म्हणजे खड्डा.

वाचायला हे सोपं वाटतं. पहिल्या रविवारी जो सोबती होता तो मनाने चांगला मुलगा, पण त्याला वाजवता येत नव्हतं. तो समेच्या आधीच पट्टा ओढायचा. ताशाच्या काड्या सुटायच्या, दादा चिडायचा. मग ठरलं की सोबती वादकच हवा, ज्याला हात पाठ आहेत. तो खूण देतो ती आवर्तन संपताना, मध्ये नाही. अडथळा आधी आलाच तर तो दादाचं पाऊल आखूड करतो, ठोका सोडू देत नाही. पथकातले तिघे ताशेवाले आळीपाळीने ही सोबत करतात. जो सोबत करतो त्याचं त्या दिवशीचं वादन जातं. ही किंमत आहे, आणि ती पथकाने मोजायची ठरवली आहे. माझ्या मते या सगळ्या प्रयत्नाचा गाभा इथे आहे. ‘कोणीतरी धरेल त्याला’ या भरवशावर माणूस मिरवणुकीत उतरवता येत नाही.

अमेरिकेत ओहायो राज्याच्या अंध शाळेने 2005 मध्ये विद्यार्थ्यांचा मार्चिंग बँड उभा केला. संगीत ब्रेलमध्ये, आणि प्रत्येक वादकामागे खांद्याला धरून दिशा देणारा एक डोळस साथी. 2010 च्या नववर्षदिनी हा बँड कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या रोझ परेडमध्ये चालला. तो मार्ग सुमारे नऊ किलोमीटरचा आहे. ते साथी काही त्या दिवशी जमवलेले स्वयंसेवक नव्हते. कवायत त्यांनाही शिकावी लागली होती. फणसवाडीतल्या पोरांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, ‘ट्रम्पेट वाजवताना खांदा हलतो, मग साथी धरतो कुठे?’ प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे ताशावाल्याचे खांदे सतत हलतात, म्हणून इथे हात पट्ट्यावर आला.

कर्णबधिर मुलीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. तिच्याबद्दल मागच्या वर्षी तक्रार होती की ती ताल सोडते, ठोका पुढे टाकते. तिला शेवटच्या रांगेत ठेवलं होतं, ‘चुकली तरी कळणार नाही’ म्हणून. ताशे सगळ्यांत पुढे, मध्ये तीसेक मीटरचं अंतर. आता हिशेब बघा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 34 मीटर मागे तो सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. मागची रांग कानाने वाजवते, म्हणून ती तेवढीच मागे पडते. ही मुलगी डोळ्यांनी वाजवते. पुढे टोल नावाचं वाद्य वाजवणाऱ्याचा हात खाली आला की तिचं टिपरू पडतं. ती पुढच्यांबरोबर अचूक होती, मागे पडत होते ते तिच्या शेजारचे. बोल मात्र तिला लागला.

पथकातल्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलाने हे लक्षात आणून दिलं आणि तिची जागा बदलली. आता ती दुसऱ्या रांगेत आहे, टोलाच्या तिरक्या रेषेत. टोलच का? कारण ताशाच्या काड्या इतक्या जलद चालतात की नजरेला मात्रा धरता येत नाही. टोलवाल्याचा हात मोठा फिरतो, उघड दिसतो. आणि ताशाचा बारीक आवाज शरीराला जाणवत नाही, ढोलाचा खर्ज जाणवतो. स्वतःचा ढोल पोटाला टेकलेला असतो, शेजारच्या ढोलाचा दणका छातीत येतो. स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी बारा वर्षांच्या असतानाच जवळजवळ पूर्ण बधिर झाल्या. त्या अनवाणी वाजवतात, पायांतून आणि अंगातून सूर घेतात. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनात हजार ढोलवादकांच्या पुढे त्या होत्या.

फणसवाडीतली मुलगी मात्र अनवाणी वाजवत नाही, चैत्रातलं डांबर तापतं. तिच्या शेजारच्या दोघी थोडी खुणांची भाषा शिकल्या. वाजवताना हात मोकळे नसतात, मग हनुवटीने आणि भुवयांनी बोलणं चालतं. सरावाच्या पटांगणात एकच दिवा होता आणि तो प्रमुखांच्या पाठीमागे. तिला त्यांचा चेहरा काळा दिसायचा, बोटं दिसायचीच नाहीत. दिवा समोरच्या भिंतीवर हलवला. वायरमनचं तासाभराचं काम.

काकांच्या बाबतीत वादनाची अडचण नव्हती, झांज त्यांच्या हातात पक्की आहे. प्रश्न खुर्ची रांगेतून नेण्याचा होता. अमेरिकेत लुईव्हिल विद्यापीठाच्या बँडमध्ये पॅट्रिक हेन्री ह्यूज हा अंध आणि चालू न शकणारा विद्यार्थी ट्रम्पेट वाजवायचा आणि त्याचे वडील व्हीलचेअर ढकलत संपूर्ण कवायत करायचे. इथे काकांचा पुतण्या ढकलतो. फुलांच्या पाकळ्यांवरून चाकं घसरतात, गटाराच्या जाळीत पुढची लहान चाकं अडकतात, गतिरोधक आला की खुर्ची उलटी फिरवून न्यावी लागते. हे सगळं त्यांनी रस्त्यावर करून पाहिलं. खरा अडसर वेगळा होता. फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा सकाळी निघते, रेंगाळत चालते, ऊन चढत जातं. वाटेवर खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह नाही. मागच्या वर्षी काका सकाळपासून पाणी न पिता आले होते. चैत्राच्या उन्हात पाण्याशिवाय झांज वाजवणं हा जिवाशी खेळ आहे. शेवटी वाटेवरच्या एका नव्या इमारतीच्या सोसायटीने तळमजल्यावरचं स्वच्छतागृह उघडं ठेवायचं कबूल केलं, आणि पायरीवर टाकायला पथकाने फळी करून घेतली.

कानांचं कुणी फारसं बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. ढोलताशाच्या रांगेत आवाज सहज शंभर डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या दंडकाप्रमाणे 85 डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला तो पंधरा मिनिटांवर येतो. सगळ्याच वादकांनी हे मनावर घ्यायला हवं. अंध वादकाला तर कान हेच रस्ता ओलांडायचं साधन आहे. त्याला कानांत बोळे घालायला सांगितलं तर ताशा हरवतो, घालू नको म्हटलं तर कान जातात. आवाज सगळ्या पट्टीत सारखा कमी करणारे, वादकांसाठीचे बोळे मिळतात. दादाने ते स्वतःच्या पैशांनी आणले. खरं तर ते पथकाने ढोलांच्या पानांसारखे खर्चात धरायला हवेत.

मुंबईत अपंग मुलांना शिकवण्याची परंपरा जुनी आहे. दादरची अंध शाळा, आजची कमला मेहता शाळा, 1900 मध्ये ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी सुरू केली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंध शाळा 1902 ची. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दादरच्या अंध मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला. स्पर्शाने आसन समजावून, अढी कुठे बसते ते हाताला दाखवून. ज्यांनी त्या मुली दोरीवर पाहिल्या, त्यांना ‘हे जमेल का’ हा प्रश्न पुन्हा पडत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 29 वं कलम सांस्कृतिक जीवनात सहभागाबद्दलच आहे. म्हणजे शिक्षण आहे, कसब आहे, कायदाही आहे.

असं असूनही अनेक मंडळं अजून अंध मुलांचं वेगळं पथक बोलावतात, व्यासपीठापुढे त्यांचं वादन ठेवतात, शाल-श्रीफळ देतात. त्या मुलांना वाजवायला मिळतं हे चांगलंच आहे. तरी मला हे पुरेसं वाटत नाही. वेगळ्या पथकाला लोक कौतुकाने ऐकतात, चुका पोटात घालतात. रांगेतल्या वादकाला प्रमुख ओरडतात. फणसवाडीत बँकेतल्या दादाला चौथ्या हाताला लय वाढवल्याबद्दल सगळ्यांदेखत बोलणी बसली, आणि घरी जाताना तो सोबत्याला सांगत होता की उद्या तेवढाच हात अर्धा तास घोटायचा. पाहुणा म्हणून वाजवलं असतं तर हे कुणी त्याला सांगितलंच नसतं.

पाडव्याला त्या तिघांनीही संपूर्ण मार्ग पार केला. दादाच्या सोबतीला दोघे बदलले. काकांची खुर्ची एकदा अडकली, चौघांनी उचलली, झांज थांबली नाही. मुलीचा ठोका पुढे पडल्याची तक्रार आली नाही.

गणेशोत्सवासाठी पथकांची नवी नोंदणी पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होते. पथकप्रमुखांना विनंती आहे की यंदाच्या अर्जात एक ओळ वाढवा: वादनासाठी किंवा चालण्यासाठी आपल्याला काही सोय हवी आहे का? उत्तर आलं तर त्या माणसालाच बोलावून विचारा, काय हवं ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. सोबती पहिल्या सरावापासून ठरवा, मिरवणुकीच्या सकाळी नव्हे. आणि मार्गावर राहणाऱ्या वाचकांनो, तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर स्वच्छतागृह असेल तर त्या दिवशी त्याचं कुलूप काढून ठेवा आणि जवळच्या पथकाला तसं कळवा.